इन्हेलरऐवजी गोळ्या चालतील का, आणि श्वासावाटे औषध घेण्याने खरोखर फायदा होतो याला पुरावा काय?

आपण लिहिले आहे की बारावीतल्या आपल्या मुलीला दम्यासाठी डॉक्टरांनी दोन इन्हेलर दिले आहेत, तिचे आजोबा मात्र ‘एकदा पंप लागला की सुटत नाही, त्यापेक्षा गोळ्या बऱ्या’ असे म्हणतात, आणि दम्यात व इतर आजारांतही श्वासावाटे औषध देण्याला कितपत पुरावा आहे हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी डॉक्टर नाही. इंदूरला रामबागेजवळ माझे औषधांचे दुकान आहे, आणि ‘पंप नको, गोळीच द्या’ हे वाक्य मी काउंटरमागे उभा राहून इतकी वर्षे ऐकत आलो आहे, की आपला प्रश्न वाचून गप्प बसणे मला शक्य झाले नाही.

गोळी सौम्य आणि पंप जालीम, ही समजूत नेमकी उलटी आहे. साल्ब्युटामॉल या तात्पुरता आराम देणाऱ्या औषधाच्या पंपाच्या (इन्हेलरच्या) एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असते आणि त्याच औषधाची एक गोळी ४ मिलिग्रॅमची असते, म्हणजे एका गोळीत चाळीस फवाऱ्यांइतके औषध पोटात जाते. ते यकृतातून आणि रक्तातून साऱ्या अंगभर हिंडते, श्वासनलिकांवर परिणाम दिसायला अर्धा तास लागतो, आणि तोवर छाती धडधडू लागते व हात कापू लागतात. फवारा मात्र जिथे आजार आहे तिथेच उतरतो आणि पाचेक मिनिटांत गुण देतो.

हात कापण्याचे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलीला लहानपणापासून दमा आहे. छातीच्या डॉक्टरांनी तिला रोज घ्यायचा, श्वासनलिकांची सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडचा इन्हेलर दिला होता, तो माझ्याच दुकानातून जात असे, आणि तिचे चांगले चालले होते. ती लग्नाची झाली तसे आमच्या दाजींच्या मनाने घेतले की लग्नाच्या मुलीच्या पर्समध्ये पंप दिसला तर स्थळे फिरकणार नाहीत. पंप बंद झाला आणि गोळ्या सुरू झाल्या. मी वाद घालीन म्हणून त्या गोळ्या ते माझ्याकडून न नेता थेट दवा बाजारातून आणू लागले. ग्वाल्हेरचे एक स्थळ तिला पाहायला आले, तेव्हा पाहुण्यांसमोर धाप लागू नये म्हणून तिला सकाळी एकाऐवजी दोन गोळ्या देण्यात आल्या. पोहे-जिलेबी झाल्यावर ती चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली, तेव्हा कप बशीत असे किणकिणत होते की बैठकीतले बोलणे थांबले, आणि मुलाच्या आईपुढे कप धरताना अर्धा चहा बशीत सांडला. त्या बाई भल्या होत्या. ‘घाबरतेस कशाला गं’ म्हणून त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला. दाजीही कौतुकाने हसले. आजार लपवण्यासाठी दिलेल्या गोळ्यांनीच मुलीचे हात सगळ्यांच्या नजरेत आणले होते, आणि ते ओळखणारा त्या खोलीत मी एकटाच होतो. पुढे पत्रिका जुळत नसल्याचा निरोप आला.

त्या वर्षी कोजागिरीला दाजी तिला औषधी खिरीसाठी घेऊन गेले. आमच्या माळव्यात दम्याच्या रुग्णांना रात्रभर जागवून चांदण्यात ठेवलेली खीर देण्याची पद्धत आहे. खिरीला माझा विरोध नाही. खीर खाल्ली म्हणून रोजचे औषध सोडण्याला आहे. थंडी पडल्यावर एका रात्री तिला एक वाक्यही पुरे बोलता येईना. रुग्णालयात ऑक्सिजन व नेब्युलायझर (औषधाची वाफ देणारे मशीन) लावले, स्टेरॉइडही दिले, आणि पहाटेपर्यंत ती नीट बोलू लागली. यानंतर दाजी शहाणे होतील असे मला वाटले होते. ते दुकानात आले आणि म्हणाले, ‘पंप नकोच, ते वाफेचे मशीन द्या, त्याने सवय लागत नाही.’ मी मशीनमध्ये ओतायची प्लास्टिकची कुपी काढून त्यांच्या हातात दिली. तिच्यावर साल्ब्युटामॉलचेच नाव होते आणि मात्रा होती २.५ मिलिग्रॅम, म्हणजे पंचवीस फवाऱ्यांइतकी. (त्यातले बरेचसे हवेत उडून जाते, हे मान्य.) दाजींनी चष्मा लावून ते वाचले, कुपी परत ठेवली आणि ‘हे इस्पितळातले औषध आहे, त्याची गोष्ट वेगळी’ असा निकाल दिला. वास्तविक स्पेसर (पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी) लावलेला पंप आणि नेब्युलायझर यांची तुलना करणाऱ्या अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा सांगतो की दम्याच्या झटक्यात, जिवावरचे प्रसंग वगळता, स्पेसर मशीनपेक्षा कमी पडत नाही, आणि मुलांमध्ये तर हृदयाचे ठोकेही कमी वाढतात.

दाजींची भीती अगदीच निराधार होती असेही नाही, फक्त ती चुकीच्या पंपावर रोखलेली होती. फवाऱ्याचा पहिला पंप १९५६ साली अमेरिकेत बाजारात आला, आणि तोही एका औषध कंपनीच्या प्रमुखाच्या दमेकरी मुलीने ‘केसांच्या स्प्रेसारखे माझे औषध का मिळत नाही’ असे विचारल्यावरून. पुढच्याच दशकात ब्रिटनमध्ये आयसोप्रेनालिन या श्वासनलिका उघडणाऱ्या जुन्या औषधाचे तीव्र मात्रेचे पंप आले आणि दम्याने होणारे मृत्यू वाढले. तात्पुरता आराम देणारा पंप श्वासनलिका उघडतो, पण आतली सूज तशीच राहते. रुग्ण त्याच्यावरच विसंबून राहतो आणि एके दिवशी तो पुरत नाही. सूज उतरवणारा स्टेरॉइडचा पंप १९७२ मध्ये आला. त्याचा पुरावा पाहायचा तर कॅनडातील सस्कॅचवान प्रांतातल्या रुग्णांच्या नोंदींवरून २००० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहावा: वर्षभरात वापरलेल्या या पंपाच्या प्रत्येक जादा डब्यामागे दम्याने मृत्यू येण्याचे प्रमाण २१ टक्क्यांनी कमी आढळले, आणि पंप बंद केल्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत ते वाढलेले आढळले. दाजींनी जे बंद केले ते नेमके हेच. २०१९ पासून तर दम्याची जागतिक मार्गदर्शक तत्त्वे सांगतात की नुसता आराम देणारा पंप कोणाही प्रौढाला वा किशोरवयीनाला देऊ नये, बरोबर स्टेरॉइड हवेच. म्हणून ‘सवय लागते का’ याचे माझे उत्तर असे आहे की आराम देणारा पंप वारंवार लागणे हे रोजचे औषध कमी पडत असल्याचे लक्षण असते, व्यसनाचे नव्हे.

भाची आता पुण्यात नोकरी करते, सकाळ-संध्याकाळ पंप घेते, आणि लग्नही तिने नवऱ्याला आधी पंप दाखवूनच केले. दाजी मात्र अजूनही प्रत्येक कार्यात चारचौघांत सांगतात की तिचा दमा वयाने गेला. वयाने गेला असता तर पंप चुकल्याच्या आठवड्यात तिला रात्री खोकल्याने जाग आली नसती, आणि हे तिने त्यांच्यासमोर सांगितले तरी ते पटवून घेत नाहीत.

इतर आजारांबद्दल थोडक्यात सांगतो. धूम्रपानाने वा चुलीच्या धुराने होणाऱ्या सीओपीडीत (फुफ्फुसांच्या जुनाट आजारात) श्वासनलिका रुंदावणारे पंप त्रास आणि आजार बळावण्याचे प्रसंग कमी करतात. स्टेरॉइडचे स्थान तिथे मर्यादित आहे, कारण सहा हजारांवर रुग्णांच्या २००७ च्या मोठ्या चाचणीत मृत्यू ठामपणे कमी झाल्याचे सिद्ध झाले नाही आणि न्यूमोनिया मात्र वाढला. सिस्टिक फायब्रोसिस या फुफ्फुसांत घट्ट कफ साठणाऱ्या आनुवंशिक आजारात श्वासावाटे दिलेल्या टोब्रामायसिन या प्रतिजैविकाचा चांगला उपयोग होतो. तान्ह्या मुलांच्या ब्राँकिओलायटिसमध्ये (बारीक श्वासनलिकांच्या विषाणूजन्य सुजेत) साल्ब्युटामॉलची वाफ सर्रास दिली जाते, तिचा लाभ दिसलेला नाही. कोविडमध्ये श्वासावाटे घेतलेल्या बुडेसोनाइड या स्टेरॉइडने घरी असलेले रुग्ण सुमारे तीन दिवस लवकर बरे झाले, पण मृत्यू कमी झाल्याचे ठरले नाही. श्वासावाटे घ्यायचे पहिले इन्सुलिन २००६ मध्ये आले आणि पुढच्याच वर्षी बाजारातून गेले. २०१४ मध्ये अमेरिकेत दुसऱ्याला परवानगी मिळाली, पण ते दमा किंवा सीओपीडी असणाऱ्यांसाठी नाही.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. स्टेरॉइडच्या पंपाने तोंडात बुरशी येऊ शकते आणि आवाज बसू शकतो, म्हणून प्रत्येक वेळी चुळा भरून पाणी थुंकावे. लहान मुलांत काही वर्षे बुडेसोनाइड वापरल्यावर मोठेपणीची उंची सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरल्याचे एका दीर्घ अभ्यासात आढळले आहे. बारावीतल्या मुलीची वाढ बहुतेक झालेली असते, तरी डॉक्टरांना विचारायला हरकत नाही. चुकीच्या पद्धतीने घेतलेला पंप कितीही पुरावा असला तरी निरुपयोगी आहे, तेव्हा मुलीला तो घेताना एकदा जवळून पाहा: ओठांच्या कडेने पांढरा धूर बाहेर पडत असेल तर औषध हवेत चालले आहे, आणि तसे असेल तर स्पेसर घ्या. मुलीला बरे वाटू लागल्यावर मात्रा कमी करायची असेल तर तो निर्णय डॉक्टर टप्प्याटप्प्याने घेतात, आजोबांनी तो परीक्षेच्या किंवा लग्नाच्या मोसमात घ्यायचा नसतो.