क्यूबाचा बेसबॉल खेळाडू अमेरिकेच्या मायनर लीगपर्यंत (मेजर लीग या सर्वोच्च स्पर्धेच्या खालच्या स्तरांपर्यंत) पोहोचतो तरी कसा?

थेट विमानाने नाही. अमेरिकेच्या आर्थिक निर्बंधांमुळे क्यूबात राहणाऱ्या खेळाडूशी अमेरिकी क्लब करार करू शकत नाहीत. म्हणून खेळाडू आधी मेक्सिको, हैती किंवा डॉमिनिकन रिपब्लिक गाठतो, तिथलं वास्तव्य कागदोपत्री सिद्ध करतो आणि मग करारासाठी मोकळा होतो.

यासिएल प्विगचंच बघा. क्यूबातल्या सिएनफ्वेगोसचा हा आउटफिल्डर (मैदानाच्या बाहेरच्या भागातला क्षेत्ररक्षक) 2012 मध्ये तस्करांच्या बोटीतून मेक्सिकोच्या इस्ला मुहेरेस बेटावर पोहोचला. पैसे मिळेपर्यंत तस्करांनी त्याला अडकवून ठेवलं होतं. पुढे मेक्सिको सिटीत लॉस एंजेलिसच्या डॉजर्स या मेजर लीग संघाच्या लोकांनी त्याचा नुसता फलंदाजीचा सराव पाहिला आणि 7 वर्षांसाठी 4 कोटी 20 लाख डॉलरचा करार केला!

तरी सुरुवात खालूनच. ॲरिझोनाची रुकी लीग (नवख्यांची स्पर्धा), मग रँचो कुकामोंगा हा मायनर लीग संघ, मग 2013 मध्ये डबल-ए दर्जाचा (मायनर लीगमधला वरून दुसरा स्तर) चॅटनूगा संघ. 3 जून 2013 ला तो डॉजर्सकडून मैदानात उतरला. शेवटच्या डावात उजव्या कोपऱ्यात भिंतीजवळ झेल घेऊन त्याने तिथूनच थेट पहिल्या बेसवर चेंडू फेकला, धावपटू बाद झाला आणि सामना तिथेच संपला. तो थ्रो जरूर बघा, अफाट आहे.

डिसेंबर 2018 मध्ये कायदेशीर वाटेसाठी मेजर लीग आणि क्यूबाच्या महासंघात करार झाला होता. एप्रिल 2019 मध्ये ट्रम्प सरकारने तो रद्द केला. माझ्या मते हा निर्णय फार वाईट होता, कारण त्यामुळे पोरं पुन्हा तस्करांच्याच हाती सापडतात.