फिटचं रूप बदललं म्हणजे मिरगी वाढली का?

तुम्ही लिहिलंय की लहानपणापासून फिट्स आहेत, आधी हातपाय झटकून पडायचे, गोळ्यांनी ते थांबलं, अन् आता वर्षभरापासून पडत नाही पण पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं होतं आणि मग एक-दोन मिनिटं कुठे होतो ते आठवतच नाही. घरचे म्हणतात गॅस आहे, आणि तुम्हाला भीती की आजार वाढून राहिला, गोळी फेल झाली.

आधी सरळ सांगते, रूप बदललं म्हणजे आजार वाढलाच असं नाही. पण "पडत नाही ना, मग बरंच आहे" म्हणून सोडून पण देऊ नका, काहून की डॉक्टरला हे नवीन रूप माहीतच नसेल तर ते जुन्याच फिटची गोळी लिहून देत राहतील.

माझं पाहा. दीड-दोन वर्षांची असताना तापात खूप वेळ चाललेली फिट आली होती असं आई सांगते, मग बरीच वर्षं काही नाही, अन् शाळा संपता संपता एकदम मोठ्या फिट्स सुरू झाल्या, दात खिळायचे, जीभ चावली जायची, लोकं कांदा नाहीतर चप्पल नाकाला लावायचे. (कृपया हे कोणालाच करू नका. कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, आणि घड्याळ पाहायचं.) नागपूरच्या मारबतीच्या मिरवणुकीत, जिथे रोगराई घेऊन जा म्हणून पुतळ्याला साकडं घालतात, आमची मोठी आई "मिरगी घेऊन जा गे मारबत" म्हणून जीव तोडून ओरडायची, तिची माया मला अजून आठवते. गोळ्या सुरू झाल्यावर मोठ्या फिट्स थांबल्या. मग कॉलेजात ते पोटातून वर चढणं, त्याच्यासोबत उगाचच भीती, आणि "हे सगळं आधी अस्संच झालेलं आहे" असं वाटणं. सगळ्यांनी ॲसिडिटी म्हटलं. लग्नानंतर त्याच्यापुढे ते भान हरवणं जोडलं गेलं.

खूप नंतर एका डॉक्टरांनी नीट समजावलं की ते पोटातून चढणं ही फिटची सूचना नाही, ती फिटच आहे, छोटी. वावराच्या एका कोपऱ्यात धसकटं पेटली तर आग तिथेच विझू शकते, अर्ध्या वावरात पसरू शकते, नाहीतर धुरा ओलांडून पलीकडे जाऊ शकते, तसंच मेंदूचं. करंट एका जागी राहिला तर नुसतं पोटात काहीतरी होतं, भान सांभाळणाऱ्या भागापर्यंत गेला तर माणूस हरवतो, दोन्ही बाजूंना पसरला तर हातपाय झटकतात. गोळीने पुष्कळदा पसरणं थांबतं पण सुरुवात थांबत नाही. म्हणजे तुम्हाला जी नवीन फिट वाटून राहिली ती जुन्याच फिटचा पहिला तुकडा असू शकतो, जो आधी मोठ्या फिटमध्ये झाकला जायचा. अर्थात भान जात असेल तर फिट्स कंट्रोलमध्ये नाहीत, हे पण तितकंच खरं.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. व्हिडिओ काढा. माझ्या नवऱ्याने मोबाईलवर काढला होता, त्यात मी डायनिंग टेबलशी बसलेय, तोंड काहीतरी चघळल्यासारखं हलतंय, उजव्या हाताने ओढणीचं टोक चिमटत बसलेय, तो विचारतो "काय झालं" तर मी "हो हो" म्हणते, आणि नंतर मला त्यातलं काहीच आठवत नाही. आम्ही सगळे त्या उजव्या हाताकडे पाहत होतो. डॉक्टरांनी मात्र डावा हात पाहिला, तो मांडीवर वाकडा होऊन कडक झाला होता. त्यांनी सांगितलं की जो हात असा आखडतो त्याच्या उलट्या बाजूने फिट सुरू होण्याची शक्यता जास्त, म्हणजे माझी उजव्या टेम्पोरल लोबमधून, म्हणजे कानाच्या वरच्या बाजूच्या मेंदूच्या भागातून. जुना एमआरआय नॉर्मल होता, पण तो साधा होता. एपिलेप्सी प्रोटोकॉलने, म्हणजे मिरगीसाठीच्या खास पद्धतीने परत केला, ज्यात हिप्पोकॅम्पसचे (टेम्पोरल लोबमधला आठवणींशी संबंधित भाग) बारीक काप घेऊन फोटो काढतात, तर उजवा हिप्पोकॅम्पस आकसलेला निघाला. लहानपणी तापात लांबलेल्या फिटशी याचा संबंध असू शकतो. एका व्हिडिओने इतकं उलगडलं म्हणून मी प्रत्येकाला हेच सांगते, काढताना पूर्ण अंग दिसू द्या, दोन्ही हात दिसू द्या, आवाज चालू ठेवा, आणि सोबतच्याने मधे मधे नाव विचारावं.

पण हरवणं म्हणजे दर वेळी हेच असं समजू नका. चक्कर, शुगर कमी होणं, मनावरच्या ताणातून येणारे झटके हे पण असंच दिसू शकतं, आणि तिथे गोळी वाढवून फायदा नसतो, व्हिडिओ ईईजीने, म्हणजे व्हिडिओ चालू ठेवून मेंदूचा करंट मोजतात त्या तपासणीने, फरक कळतो. कधी गोळीचंच कारण असतं, कार्बामाझेपाइन या फिटच्या गोळीचा डोस जास्त झाला तर दोन-दोन दिसतं, तोल जातो. लेव्हेटिरासेटाम या दुसऱ्या गोळीने मला इतकी चिडचिड व्हायची की घरात सगळे घाबरून राहायचे, सांगितल्यावर बदलून दिली. मनाने मात्र एकही गोळी बंद करू नका, एकदम बंद केली तर फिट्स लागोपाठ येऊ शकतात. झोप कमी, ताप, चुकलेला डोस, पाळी, हे तारखेसकट लिहून ठेवा. बाई असाल आणि व्हॅल्प्रोएट (ही पण फिटचीच गोळी) चालू असेल तर बाळाचा विचार करायच्या आधीच डॉक्टरशी बोला.

दोन बरोबर निवडलेल्या गोळ्या पुऱ्या डोसमध्ये देऊन पण फिट्स थांबत नसतील तर त्याला औषधाला दाद न देणारी एपिलेप्सी म्हणतात, आणि मग तिसरी-चौथी गोळी जोडत वर्षं घालवण्यापेक्षा ऑपरेशनचं विचारायला पाहिजे. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा हॉस्पिटलमध्ये 1995 पासून ही ऑपरेशन होऊन राहिली, दिल्लीच्या एम्समध्ये पण होतात. सगळ्यांना चालत नाही, पण टेम्पोरल लोबवाल्यांना पुष्कळदा चांगला फायदा होतो. माझ्या त्याच तपासण्या सुरू आहेत.

फिट पाच मिनिटांच्या वर गेली, शुद्ध न येता दुसरी आली, किंवा डोक्याला मार लागला तर सरळ इमर्जन्सीत न्या, ओपीडीची वाट पाहू नका. नाकात मारायचा मिडाझोलाम स्प्रे घरात ठेवायचा का ते डॉक्टरला विचारा, आणि घरच्यांना वापरायला शिकवा.

आणि तुम्ही मनीष नगरहून बर्डीला स्कूटीने जाता असं लिहिलंय. हे हरवणं थांबून डॉक्टर हो म्हणेपर्यंत स्कूटी नको, उज्ज्वल नगरहून मेट्रो पकडा, प्लॅटफॉर्मच्या कडेपासून मागे उभे राहा. बाथरूमची कडी लावू नका, गॅसवर एकटे असताना तेल तापवू नका. ऑफिसात निदान शेजारी बसणाऱ्या एकाला सांगून ठेवा की मी मधेच गप्प झालो, तोंड हलवायला लागलो तर धरून ठेवू नका, समोरून गरम चहा उचला, आणि मी नीट बोलेपर्यंत सोबत बसा.