‘ती बघ, आणि तू?’

‘टीव्हीवर अपंग खेळाडूंच्या इतक्या छान जाहिराती लागतात. आम्ही मुद्दाम मुलीला दाखवतो, तर ती उठून जाते. तिच्यात जिद्दच नाही का?’ पॅरालिंपिकचे दिवस आले की पालकांचा हा प्रश्न माझ्यासारख्या समुपदेशकाकडे हमखास येतो. उत्तर म्हणून एका मुलीची गोष्ट सांगते. तिला मीरा म्हणू. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मीरा पंधरा वर्षांची. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी. पायांचे स्नायू ताठ, चालताना पायाला आधाराचा स्प्लिंट आणि कुबडी. दोन महिन्यांपासून तिने फिजिओथेरपीचे व्यायाम सोडले होते, म्हणून बाबा घेऊन आले. ते बोलत होते तेवढा वेळ ती स्प्लिंटचा वेल्क्रो उघडत होती, लावत होती. खर्र, खर्र. बाबांनी मोबाइल पुढे केला. एका धावपटूची जाहिरात होती.

“रोज दाखवतो हिला. म्हणतो, ती बघ, आणि तू?”

वेल्क्रोचा आवाज थांबला.

कबूल करते, मलाही ती जाहिरात आवडायची. बाहेर पेशंट बसतात तिथे मी तसलंच एक पोस्टर लावलं होतं. ब्लेडसारखा कृत्रिम पाय लावून धावणारा माणूस आणि खाली जिद्दीबद्दल दोन ओळी.

पुढच्या भेटीत बाबांना एकट्याला बोलावलं आणि तीच जाहिरात आवाज बंद करून पाहायला लावली. संगीत गेल्यावर उरलं ते एवढंच: काळोखातला ट्रॅक, घामाचा थेंब, पायाचा क्लोजअप, लहानपणीचं हॉस्पिटल, आईचे डबडबलेले डोळे, परत पायाचा क्लोजअप, आणि शेवटी पेयाची बाटली. प्रत्यक्ष धावणं जेमतेम सहा-सात सेकंद. “हिचं नाव काय?” मी विचारलं. बाबा स्क्रीनकडे पाहत राहिले. “किती मीटर धावते? कितवी आली?” रोज पाहूनही त्यांना सांगता येईना. बरं, यात त्यांचा दोष नव्हता. जाहिरातीत ते कुठे सांगितलेलंच नव्हतं.

धडधाकट माणसाला बसल्या जागी भरून यावं, ‘आपल्याला कशाची कमी आहे?’ असं वाटावं आणि बाटली लक्षात राहावी, यासाठी ती बनवली होती. मीरासाठी नव्हतीच. ऑस्ट्रेलियाच्या स्टेला यंग या व्हीलचेअर वापरणाऱ्या पत्रकार आणि विनोदी कलाकार. अशा चित्रांना त्या ‘इन्स्पिरेशन पॉर्न’ म्हणत, म्हणजे धडधाकटांना प्रेरणा मिळावी म्हणून अपंगांना वस्तूसारखं वापरणं. शब्द झोंबतो, झोंबावा म्हणूनच वापरलेला. २०१४ साली सिडनीतल्या भाषणात त्या म्हणाल्या होत्या की जिन्याकडे बघून कितीही हसलं तरी त्याचा रॅम्प होत नाही.

जाहिराती बनवणाऱ्यांनाही हे कळत गेलेलं दिसतं. ब्रिटनच्या चॅनेल फोरने २०१२ च्या लंडन पॅरालिंपिकसाठी खेळाडूंना ‘सुपरह्युमन’ म्हणून गाजवलं, २०१६ लाही तेच. (२०१६ च्या जाहिरातीत व्हीलचेअरवरच्या मुलाला ‘तुला नाही जमणार’ असं सुनावणारा एक करिअर सल्लागार आहे. आमच्या जमातीचाच म्हणायचा. पाहताना ओशाळायला होतं.) टोकियो पॅरालिंपिकच्या वेळी, २०२१ मध्ये, त्यांनी ‘सुपर’ आणि ‘ह्युमन’ यांच्यामध्ये पूर्णविराम टाकला आणि सरावातला घाम, दुखापती, घरच्या आयुष्याची ओढाताण दाखवली. २०२४ ला पॅरिसच्या वेळी तर ‘अपंग असूनही किती छान!’ या कौतुकालाच चिमटा काढला. गुरुत्वाकर्षण, घर्षण आणि वेळ कुणालाच सवलत देत नाहीत, हे त्या जाहिरातीचं सूत्र.

मीराला मात्र मी जाहिरात दाखवलीच नाही. शंभर मीटरची एक शर्यत दाखवली, टी ३८ गटाची. तिने लगेच विचारलं, “टी ३८ म्हणजे?” टी म्हणजे ट्रॅक. ३५ ते ३८ हे गट सेरेब्रल पाल्सीसारख्या कारणांनी हालचालींवरचा ताबा कमी असलेल्या, पण धावू शकणाऱ्या खेळाडूंचे. आकडा जितका लहान तितका अडथळा जास्त. तपासणी करून आधी गट ठरवतात, मग स्पर्धा.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे कुणाची तुलना कुणाशी करायची, हे तिथे आधी ठरवतात. आमच्या घरी बाबा कुणाशीही करतात.”

इतक्या वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मला हे कधी सुचलं नव्हतं. जाहिरात खेळाडूचा गट पुसून टाकते, सरावाची वर्षं, प्रशिक्षक, पैसा सगळं पुसते आणि फक्त जिद्द ठेवते. मग घरातल्या मुलीकडे जिद्द सोडून बोट दाखवायला काही उरतच नाही. म्हणून पालकांना सांगते, दाखवायचंच असेल तर आख्खी शर्यत दाखवा, हरलेल्यांसकट. आणि मुलाला खेळात रस नसेल तर तेही चालतं, बहुतेक धडधाकट माणसांना कुठे असतो?

मीराला खेळायचं नव्हतंच. तिला शाळेच्या पहिल्या मजल्यावरच्या लायब्ररीत जायचं होतं. चौदा पायऱ्या, कठडा एकाच बाजूला. व्यायाम पुन्हा सुरू झाले ते त्या पायऱ्यांसाठी, आणि दुसऱ्या बाजूच्या कठड्यासाठी शाळेला अर्ज लिहिला बाबांनी. माझं पोस्टर मी काढलं. खिळा होता, तिथे आता कॅलेंडर आहे.

शेवटच्या भेटीत बाबा सांगत होते, परवा ती जाहिरात लागली तेव्हा ते घाईने रिमोट शोधायला लागले. मीरा म्हणाली, “असू द्या हो बाबा, गाणं चांगलंय.”