फॅक्टर १३ कमी असलेल्या मुलाला आयुष्यभर प्लाझ्मा द्यावा लागतो का? कोकणात गावी राहून हे जमतं का?

फॅक्टर १३ म्हणजे रक्ताची गुठळी टिकवणारं प्रथिन. ते कमी म्हणून तुमच्या पुतण्याला दर महिन्याला प्लाझ्मा, म्हणजे दात्याच्या रक्तातला पातळ भाग, सांगितलाय, तो आयुष्यभर घ्यावा लागेल. गावात राहून जमतं. माझी मुलगी नऊ वर्षांची, आम्ही देवगड तालुक्यात राहतो.

तिची नाळ पडली आणि बेंबीतून रक्त झिरपायला लागलं. थांबायचं, पुन्हा यायचं. सासूबाई म्हणाल्या, "ह्या काय सादा नाय." एका दवाखान्यात रक्त गोठण्याच्या नेहमीच्या तपासण्या (पीटी, एपीटीटी, प्लेटलेट) सगळ्या नॉर्मल आल्या आणि आम्हाला घरी पाठवलं. या तपासण्यांत हा आजार दिसतच नाही. गुठळी होते, पण तिचे धागे घट्ट बांधणारं हे प्रथिन नसतं, म्हणून ती टिकत नाही. गुठळी युरियात टाकून विरघळते का बघतात. आम्हाला ते परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या इम्युनोहिमॅटोलॉजी (रक्ताच्या आजारांच्या) संस्थेत कळलं.

यात एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. हिमोफिलिया या रक्त न थांबण्याच्या दुसऱ्या आजारात देतात तो फॅक्टर ८ शरीरात काही तासांतच निम्मा होतो, १३ ला दहाएक दिवस लागतात, आणि थोडासा उरला तरी पुष्कळ काम भागतं. मात्रा साधारण किलोला १० मिली. मुलीचं वजन २१ किलो, म्हणून चार आठवड्यांनी एक पिशवी.

तारीख मात्र चुकवू नका, पोर कितीही टुणटुणीत दिसलं तरी. लावणीच्या दिवसांत आम्ही एकदा दोन आठवडे पुढे ढकलली. ती पडवीत घसरली, डोकं आपटलं, रात्री उलट्या. या आजारात मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो हे मला ठाऊक होतं, तरी मी लावणी आधी धरली. स्कॅन चांगला आला. जिल्ह्याच्या गावापर्यंतचा तो रस्ता मी अजून विसरले नाही.

निघण्याआधी रक्तपेढीला फोन करा. पिशवी गोठलेली असते, ३७ अंशाच्या पाण्यात वितळवायला अर्धा तास जातो. चढवताना अंगावर पित्त उठलं, थंडी वाजली तर लगेच नर्सला सांगा. हिपॅटायटिस बीची लस झालीय ना बघा. अ‍ॅस्पिरिन देऊ नका, आणि दंडात सुई टोचण्याआधी प्रत्येक डॉक्टरला आजाराचं नाव सांगा. आम्ही ते मोठ्या अक्षरात लिहून दप्तरात ठेवलंय.

पुतण्याला धाकटं भावंड असेल तर त्याचीही तपासणी करून घ्या. आईबाप दोघे वाहक (स्वतःला त्रास नाही, पण दोष पुढे देऊ शकणारे) असले की प्रत्येक बाळाला चारात एक धोका असतो. आमचं लग्न नात्यातलं, मी मामाच्या घरात दिलेली. धाकट्याची तपासणी आम्ही जन्मल्याबरोबर केली. त्याला नाहीये.