पाखर घालतात, पखरण करत नाहीत

प्रश्न असा आला आहे : "बायबलमधल्या स्तोत्र ९१ मध्ये देवाबद्दल ‘तो तुझ्यावर पाखर घालील’ असं आहे. ही पाखर म्हणजे पाखरू का? आमच्याकडे प्रार्थनेत ‘प्रभूची पाखरण आमच्यावर होवो’ असं म्हणतात, ते बरोबर आहे का? आणि त्याच स्तोत्रात ‘भाव ठेवतो’ आहे, त्याऐवजी सरळ ‘विश्वास ठेवतो’ का म्हणू नये?"

मधल्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ती पाखरण ऐकून ऐकून कान किटले आहेत. बरोबर नाही. शब्द आहे पखरण, आणि ती फुलांची होते, विनोदाची होते, सत्काराच्या भाषणात विशेषणांची होते. ओंजळ भरायची आणि विखरून टाकायची, ही पखरण. पाखर विखरत नाहीत, घालतात. पखरण अंगावर पडते. पाखर अंगावर पडणारं अडवते, कोंबडीनं पिल्लांवर पंख धरावेत तशी. म्हणजे ती पाखरू नव्हे, मायेचं छत्र. संकटातल्या माणसासाठी पखरण मागणं म्हणजे गारपिटीत उभ्या असलेल्या माणसावर फुलं उधळणं. दोन शब्दांचा काला करून ‘पाखरण’ झाली आणि भक्तिगीतांत तिला चाल मिळाली, म्हणून ती शुद्ध होत नाही.

व्याकरण दोन ओळींत. पाखर स्त्रीलिंगी : पाखर घातली, मायेची पाखर. क्रियापद ‘घालणे’, आणि ज्याच्यावर घालायची त्याला ‘वर’. ‘पाखर देणे’, ‘पाखर करणे’ मराठीत नाही. ‘देवाच्या पाखरांखाली’ तर मुळीच नको, ऐकणाऱ्याला झाडावरची चिमण्यापाखरं दिसतात. आणि ‘पाखडणे’ निराळं, त्याचा संबंध सुपाशी.

आता खरी मौज. जुन्या कोशांत पाखर म्हणजे घोड्याच्या किंवा हत्तीच्या अंगावर चढवायचं चिलखत. ‘ऐन-ए-अकबरी’त हत्तीच्या साजात पोलादी पाखर आहे, मस्तकाला आणि सोंडेला वेगवेगळे तुकडे असलेली. प्राकृतात पक्खर, आणि संस्कृत कोशांत त्याला प्रक्षर किंवा प्रखर असं सोवळं नेसवलेलं. म्हणजे एकाच शब्दाच्या पोटात कोंबडीचे पंखही आहेत आणि हत्तीचं पोलादही.

यावर कोशकारांचे दोन तट. एक म्हणतो, हे योगायोगानं सारखे दिसणारे दोन वेगळे शब्द. दुसरा म्हणतो, चिलखत हा मूळ अर्थ, मायेची पाखर हे त्याचं लाक्षणिक रूप. पहिल्यांना शब्द जोडण्याचा कंटाळा आहे आणि दुसऱ्यांनी पिल्लांची कोंबडी पाहिलेली नाही. माझ्या मते दोन्हींचं मूळ ‘पक्ष’ आहे. रक्ष्-चं राखणे होतं, लक्षाचे लाख होतात, तसा पक्षाचा पाख. पक्ष म्हणजे पंख आणि पक्ष म्हणजे बाजू. दुपाखी घर आठवा, चौपाखी आठवा : छपराची प्रत्येक उतरती बाजू म्हणजे एक पाखं, पक्ष्यानं पंख अर्धे मिटून खाली सोडावेत तशी. घोड्याची पाखरही त्याच्या दोन्ही कुशींवरून लोंबते. पंख, छप्पर, चिलखत ही तिन्ही दोन बाजूंनी खाली येऊन मधल्याला झाकतात. ‘प्रक्षर’ हे प्राकृत शब्दाला मागाहून चढवलेलं संस्कृत झूल वाटतं. ज्यांना ते पटत नाही त्यांनी क्षरण म्हणजे झरण्यातून चिलखत कसं निघालं ते सांगावं.

स्तोत्राच्या मराठीत या शब्दानं काय केलंय बघा. चौथ्या ओवीच्या पहिल्या अर्ध्यात पंख आहेत, दुसऱ्या अर्ध्यात ढाल आणि कवच. मूळ हिब्रूत या दोन चित्रांत सांधा नाही, पंखांवरून एकदम युद्धात उडी आहे. मराठीत पाखर नेमकी त्या फटीत बसते : मागे बघितलं तर पंख, पुढे बघितलं तर चिलखत. हे ठरवून केलं असेल किंवा नसेल, पण असा शब्द इंग्रजी भाषांतरकारांच्या पदरात नाही.

काही अभ्यासक म्हणतात की हे पंख पक्ष्याचे नाहीतच, कराराच्या कोशावर, म्हणजे इस्राएलाच्या पवित्र पेटीवर, पंख पसरलेल्या करुब नावाच्या स्वर्गीय जीवांचे आहेत. आधार असा की बायबलच्या निर्गम या पुस्तकात (२५:२०) करुबांच्या पंखांनी झाकण्यासाठी जो हिब्रू धातू आहे तोच इथे ‘यासेख’ या रूपात येतो. धातू तोच आहे, मान्य. पण आधीची ओवी वाचायला काय हरकत होती? तिथे पारध्याचा पाश आहे. पाशात पाखरू सापडतं, करुब नाही. शिवाय इथला पंखाचा शब्द ‘एव्रा’, आणि ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात (३२:११) पिल्लांना पाठीवर घेणाऱ्या गरुडाला तोच लावलाय. चित्र पक्ष्याचंच आहे.

प्रचलित मराठी भाषांतराशी एका जागी मात्र भांडण आहे. ‘त्याच्या पंखांखाली तुला आश्रय मिळेल’ यातलं ‘मिळेल’. हिब्रूत ‘तेहसे’ आहे, कर्ता ‘तू’ : तू आडोशाला जाशील. धातू ‘हासा’, त्यावरून नाम ‘माहसे’. ईयोब २४:८ मध्ये माहसे नाही म्हणून माणसं पावसात भिजत खडकाला बिलगतात. स्तोत्र १०४ मध्ये कड्यातल्या कपारी लहान जनावरांचं माहसे आहेत. अगदी अंगानं करायची गोष्ट आहे ही : पाऊस आला, आत शिरा. ओवीत दोन क्रियापदं आहेत, झाकणं देवाचं आणि शिरणं माणसाचं. ‘मिळेल’ म्हटलं की दुसरं क्रियापद नाहीसं होतं आणि आश्रय रेशनच्या धान्यासारखा रांगेत उभं राहून मिळायची वस्तू होतो. ‘आडोसा’ हा शब्द इथे शंभर टक्के बसला असता, पण ‘आश्रय’ भारदस्त वाटला असणार.

कोंबडीकडे पुन्हा या. घार घिरट्या घालायला लागली की ती विशिष्ट आवाज काढते, पिसं फुलवते, पंख अंगापासून सैल करून खाली सोडते. उचलून कुणाला आत घेत नाही, घेऊ शकत नाही. पिल्लांनी धावत यायचं. मत्तय २३:३७ मध्ये येशू यरुशलेमसमोर हेच चित्र वापरतो, आणि वाक्याचा शेवट ‘पण तुमची इच्छा नव्हती’ असा आहे. तेहसेचा अर्थ याहून स्पष्ट कुणी सांगितलेला नाही.

रूथच्या पुस्तकात तर पंख कापडाचा होतो. २:१२ मध्ये शेतमालक बवाज परदेशातून आलेल्या विधवा रूथला म्हणतो की तू इस्राएलाच्या देवाच्या पंखांखाली आश्रयाला आलीस. ३:९ मध्ये, खळ्यावर, ती त्यालाच सांगते की तुझा ‘कानाफ’ माझ्यावर घाल. शब्द तोच, कानाफ म्हणजे पंख आणि वस्त्राची कडसुद्धा. आपल्याकडे पदराखाली घेणे आणि पंखाखाली घेणे शेजारीशेजारी राहतात, तेच.

आणि सगळ्यात आवडती जागा. मत्तय ४ मध्ये सैतान येशूला मंदिराच्या टोकावर उभं करतो आणि खाली उडी टाक म्हणतो. त्यासाठी तो याच स्तोत्राच्या ११ व १२ या ओव्या म्हणून दाखवतो : देवदूत तुला झेलतील. ग्रीकमध्ये त्या टोकाला ‘प्तेरिगियोन’ म्हटलंय, अक्षरशः ‘छोटा पंख’. आणि स्तोत्राच्या जुन्या ग्रीक भाषांतरात चौथ्या ओवीला ‘प्तेरिक्स’, म्हणजे पंखच आहेत. पंखांचं स्तोत्र, पंखावर उभं करून, चौथी ओवी वगळून ऐकवलं जातं. मराठीत तिथे शिखर किंवा शिरोभाग म्हणतात आणि पंख गळून पडतो. ‘मंदिराच्या पाख्यावर’ म्हटलं तर? पाखं म्हणजे छपराची बाजू आणि पाख म्हणजे पंख. काहीही न ताणता दोन्ही येतात. येशूचं उत्तर अनुवाद ६:१६ मधलं आहे, परमेश्वराची परीक्षा पाहू नकोस. पाखरीखाली शिरणं वेगळं आणि छपरावरून उडी मारून पाखर आहे का ते तपासणं वेगळं. हे स्तोत्र ताइतात घालण्याची रीत फार जुनी, ग्रीक ताइतांवर ते सर्रास सापडतं. महामारीत ते मोबाइलवरून फिरलं तेही त्याच वळणाचं.

कॅथलिक वाचकांसाठी एक खूण : जुन्या लॅटिन पुस्तकांत हे स्तोत्र ९० या क्रमांकावर शोधा, कारण तिथली मोजणी ग्रीक भाषांतराप्रमाणे आहे. संत बेनेडिक्टनं मठवासीयांसाठी लिहिलेल्या नियमावलीत ते रोज रात्री झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेला नेमलेलं आहे. त्या लॅटिनमध्ये पहिल्या पंखाच्या जागी ‘स्कापुला’ म्हणजे खांदा आहे. स्कॅप्युलर, म्हणजे खांद्यांवरून लोंबणारं भक्तीचं कापड, गळ्यात घालणाऱ्यांना शब्द ओळखीचा वाटेल.

राहिला भाव. भाव म्हणजे दर, हा विनोद आता पुरे. हिब्रूत दोन वेगळे धातू आहेत. ‘आमान’, ज्यातून आमेन आलं, त्याला मराठी भाषांतर ‘विश्वास’ लावतं. उत्पत्ती १५:६ मधला अब्राम विश्वास ठेवतो. स्तोत्र ९१ मध्ये ‘बाताह’ आहे, त्याला ‘भाव ठेवणे’. जुन्या ग्रीक भाषांतरानंही हे दोन एकत्र केलेले नाहीत, बाताहला तिथे आशा धरणे किंवा भरवसा असणे येतं. म्हणून ‘भाव’ काढून सगळीकडे ‘विश्वास’ घातला तर एक भेद कायमचा पुसला जाईल. बाताहचंच क्रियाविशेषण ‘बेताह’, अर्थ निर्धास्तपणे. भाव ठेवणं आणि निर्धास्त असणं एकाच धातूत. पण धातू भाबडा आहे, भाव कुणावर ठेवलाय ते तो विचारत नाही : शास्ते १८ मधले लईश नगराचे लोकही असेच निर्धास्त राहत होते, सोडवणारं कुणी जवळ नव्हतं, आणि इस्राएलातल्या दान वंशानं येऊन नगर जाळलं. आपल्या भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो, तसं.

गंमत म्हणजे व्युत्पत्ती पाहिली तर ‘विश्वास’ही इथे शोभला असता. वि आणि श्वस्, मूळ अर्थ मोकळा श्वास घेणं, भीती नसणं. घार निघून गेल्यावर पंखाखालून डोकं बाहेर काढणारं पिल्लू घेतं तसा.