नवीन मालिकेचा शोरनर प्रसारणाआधीच बदलला, आता ती बघण्यात अर्थ आहे का?

तुम्ही ज्या अमेरिकन ड्रामा मालिकेची वाट बघताय तिचा शोरनर, म्हणजे मालिकेची सगळी सूत्रं हाती असलेला माणूस, पहिला भाग यायच्या आतच बाहेर पडला, म्हणून तुम्हाला धाकधूक वाटतेय. पण एवढ्यावरून ती सोडून देऊ नका. कोण गेलं यापेक्षा त्या जागी कोण आलं, हे मी आधी बघतो.

मालिकेत दिग्दर्शक भागागणिक बदलतात. पहिल्यापासून शेवटपर्यंत टिकतो तो शोरनर, आणि तो बहुतेक वेळा मुळात लेखक असतो. रायटर्स रूममध्ये, म्हणजे सगळे लेखक एकत्र बसून कथा रचतात तिथे, पाचव्या भागाची मांडणी चाललेली असते, तिसऱ्याचं शूटिंग सुरू असतं, पहिला एडिटिंगला गेलेला असतो आणि या तिन्ही ठिकाणी निर्णय त्याच्याच गळ्यात असतात. भाग कुणीही लिहिलेला असो, पटकथेवर शेवटचा हात त्याचा फिरतो. अमुक पात्र असं का वागलं, तमुक गुपित कधी फोडायचं, यातलं बरंचसं कागदावर नसतंच. ते रूममधल्या गप्पांत असतं. म्हणून त्या गप्पांना हजर असलेला माणूस वर आला तर धागा सहसा तुटत नाही.

‘द वॉकिंग डेड’ घ्या. पहिल्या सीझनचे फक्त सहा भाग झाले होते. ते गाजलेही होते. तरीही जुलै 2011मध्ये, दुसऱ्या सीझनचं काम चालू असताना, वाहिनीने शोरनर फ्रँक डॅराबाँटला काढलं. पैशांचा वाद पुढे कोर्टात गेला आणि 2021मध्ये वाहिनीने 20 कोटी डॉलर मोजून तो मिटवला. इतकं कडू प्रकरण, पण मालिका कोसळली नाही. जागा ग्लेन मझाराने घेतली आणि चौथ्या सीझनपासून स्कॉट गिंपलने. दोघेही आधीपासून तिथल्याच लेखकांपैकी. प्रेक्षक उलट वाढत गेले. 2014मध्ये पाचव्या सीझनचा पहिला भाग अमेरिकेत 1 कोटी 70 लाखांहून जास्त लोकांनी पाहिला. डॅराबाँटवर अन्याय झाला असं मला आजही वाटतं, पण मालिका टिकली ती त्या लेखकांमुळे.

‘अमेरिकन गॉड्स’चं नेमकं उलटं झालं. पहिला सीझन 2017मध्ये आला आणि त्याच वर्षी ब्रायन फुलर आणि मायकेल ग्रीन हे दोघेही शोरनर बाहेर पडले. मग जेसी अलेक्झांडर, मग चार्ल्स एग्ली. तीन सीझन आणि दर सीझनला नवा माणूस. जिलियन अँडरसनसारखी अभिनेत्रीही गेली. दुसरा सीझन यायला मार्च 2019 उजाडला आणि 2021मध्ये मालिका बंद झाली. पहिल्या सीझनची ती झिंग पुढे परत सापडली नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते.

तुमच्या मालिकेच्या सगळ्यात जवळचं उदाहरण ‘स्टार ट्रेक: डिस्कव्हरी’चं आहे. तिथेही फुलरच होता. तो ऑक्टोबर 2016मध्ये बाजूला झाला आणि मालिका सप्टेंबर 2017मध्ये आली. सूत्रं ग्रेचेन बर्ग आणि ॲरन हार्बर्ट्सकडे गेली. त्या दोघांनी त्याच्यासोबत आधी काम केलेलं होतं. सुरुवातीच्या भागांची श्रेयनामावली थांबून वाचा. पहिल्या भागात कथेलाही आणि पटकथेलाही फुलरचं नाव आहे. तिसऱ्यात ते फक्त कथेपुरतं उरतं, पटकथा बर्ग, हार्बर्ट्स आणि क्रेग स्वीनी यांची. कथाही तिथेच वळते: पहिले दोन भाग एका जहाजावर, तिसऱ्यात नवं जहाज आणि नवा कॅप्टन. हे वळण आधीच ठरलेलं असेलही, पण लिहिणारे हात बदलल्याचं मला तिथे जाणवतं. तरी मालिका पाच सीझन चालली, दुसऱ्या सीझनच्या कामात पुन्हा खांदेपालट होऊनसुद्धा.

बातमीत ‘क्रिएटिव्ह मतभेद’ एवढंच छापलं असेल तर त्यात फार डोकं घालू नका. नव्या माणसाचं नाव शोधा आणि तो आधीपासून याच मालिकेवर लिहीत होता का ते बघा. शूट झालेला पायलट, म्हणजे नमुन्याचा पहिला भाग, टाकून पुन्हा शूट करतायत का, तेही बघा. ‘स्नोपिअर्सर’मध्ये तसंच झालं. शोरनर बदलला, आधीच्या दिग्दर्शकाने पुन्हा शूट करायला नकार दिला आणि मालिका पडद्यावर यायला मे 2020 उजाडला. तुमच्या मालिकेत असं काही नसेल आणि माणूस आतला असेल, तर मी पहिले तीन-चार भाग नक्की बघेन.