कोलॉइडल सिल्व्हर रोज घेतल्याने त्वचा खरंच निळी पडते का?

पडते. शाईसारखी निळी नव्हे; राख आणि शिसं यांच्या मधला रंग. माझ्या थोरल्या भावाचा चेहरा आज त्या रंगाचा आहे, म्हणून हे उत्तर लिहायला बसलो.

तुम्ही विचारलंय की कोलॉइडल सिल्व्हरची, म्हणजे चांदीचे अतिशय बारीक कण मिसळलेल्या पाण्याची, 10 पीपीएमची बाटली आणली आहे, रोज सकाळी एक चमचा घ्यायला सांगितलंय. निळं होण्याची नुसती भीती घालतात का, झालंच तर बंद केल्यावर रंग पूर्ववत होतो का, आणि धाकट्या मुलाला सर्दीसाठी द्यावं का. रंग पूर्ववत होत नाही. बाकीचं ओघात येईल.

दादाला सायनसचा जुना त्रास. कुणीतरी त्याला घरीच चांदीचं पाणी करायचं यंत्र दिलं. यंत्र कसलं, चांदीच्या दोन तारा, नऊ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या आणि ग्लासभर डिस्टिल्ड वॉटर. तारा पाण्यात सोडायच्या, थोडा वेळ थांबायचं, प्यायचं. हे फार सावकाश होतं म्हणून तो त्यात चिमूटभर मीठ टाकायला लागला. मग पाणी दुधाळ दिसायचं. "बघ, आता कसं कडक झालं," म्हणायचा.

मी हौशी फोटोग्राफर, तोही जुन्या खोडीचा. मिठाच्या पाण्यात बुडवलेल्या कागदावर सिल्व्हर नायट्रेट फिरवून घरीच कागद तयार करायचो. 1830च्या दशकात फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक असलेल्या टॅल्बटने केलं तेच. मीठ आणि चांदी एकत्र आली की सिल्व्हर क्लोराइड होतं आणि ते उजेडात काळवंडतं. सगळी गंमत एवढ्यावर चालते. दादा ग्लासात तेच करत होता, फक्त कागदाच्या जागी स्वतः होता. हे मी त्याला पहिल्याच आठवड्यात सांगितलं. तो म्हणाला, "तुझी बोटं काळी होतात ती आठ-पंधरा दिवसांत निघतात ना? मग झालं तर."

त्यावर तेव्हा मला बोलता आलं नाही. आता येतं. माझ्या बोटांवरचा डाग कातडीच्या वरच्या थरात असतो आणि तो थर झडून जातो. पोटात गेलेली चांदी रक्तातून खालच्या थरात पोचते, घामाच्या ग्रंथींभोवती साचते, आणि तो थर काही झडत नाही. तिथे उजेडाने तिचा धातू होतो, पुढे गंधक आणि सेलेनियमशी जोडी जमवून ती कायमची बसते. म्हणूनच चेहरा, मान आणि हाताचे पंजे सगळ्यात गडद. दादाने घड्याळ काढलं की पट्ट्याखालची जागा अजून पुष्कळ उजळ दिसते. याला वैद्यकात आर्जिरिया म्हणतात.

आता खरी ठसठस. पुतणीच्या लग्नाचे फोटो मी काढले होते. तोवर दादाला ते पाणी सुरू करून अडीच-एक वर्षं झाली असतील. घरी येऊन फोटो कॉम्प्युटरवर उघडले तर प्रत्येक फोटोत दादा करडा. मला वाटलं हॉलचे दिवे नडले. शेजारी उभ्या असलेल्या वहिनीचा रंग ठीक, पुतणीचा ठीक, फक्त याचाच चेहरा राखाडी, हे डोळ्यांना दिसत होतं आणि तरी मी दिव्यांनाच दोष दिला. मग एकेका फोटोत त्याचा चेहरा निवडून तेवढ्यापुरता गव्हाळ रंग चढवला. दोनशेच्या वर फोटो, तीन रात्री गेल्या. अल्बम बघून सगळे म्हणाले, दादा काय छान दिसतोय. त्यानंतर दीड वर्ष तो ते पाणी पीत राहिला. तीस वर्षं रंग पारखणारा माणूस मी, आणि सख्ख्या भावाचा रंग बदललेला मी माझ्या हाताने खोडून टाकला.

कळलं ते भलत्याच निमित्ताने. दाखवायला गेला होता दुसऱ्याच तक्रारीसाठी. ओठ-नखं निळी बघून डॉक्टरांना वाटलं, ऑक्सिजन कमी पडतोय. हृदय तपासलं, फुप्फुसं तपासली, सगळं व्यवस्थित. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी त्याच्या कपाळावर बोट दाबून धरलं. ऑक्सिजन कमी पडून आलेला निळेपणा दाबल्यावर फिकट होतो, हा झाला नाही. "चांदीचं काही घेता का?" एवढंच त्यांनी विचारलं. कातडीचा तुकडा तपासायला पाठवला, त्यात काळे कण निघाले.

उपचार? शरीरातले जड धातू बाहेर काढणारी म्हणून जी औषधं देतात, ती इथे चालत नाहीत. लेझर आहे, 1064 नॅनोमीटरचा. काहींना त्याने चांगला फरक पडतो. पण ठिपक्या-ठिपक्याने करावा लागतो आणि चांगलाच दुखतो. दादाने कानाजवळचा रुपयाएवढा भाग करून घेतला आणि पुरे म्हणाला. आता उन्हात जाताना सनस्क्रीन लावतो, निदान आणखी गडद होऊ नये म्हणून.

पण आमचं भांडण अजून मिटलेलं नाही. दादाचं म्हणणं, "मी मीठ टाकलं म्हणून झालं. शुद्ध कोलॉइडलने होत नाही." हेच वाक्य तुम्हाला बाटली देणाऱ्यानेही सांगितलं असणार, म्हणून याचा निकाल इथेच लावतो. चांदी ती चांदी. कण बारीक असो, क्षार असो, प्रथिनाला चिकटवलेली असो, पोटात शिरल्यावर तिथल्या आम्लात क्लोराइडच क्लोराइड भरलंय. मीठ तुम्ही नाही टाकलं तर जठर टाकेल. प्रकारागणिक किती शोषली जाते त्यात फरक पडतो, एवढंच. अमेरिकेत मोंटानाचे स्टॅन जोन्स नावाचे राजकारणी 2000 साल उजाडताना कॉम्प्युटर बंद पडून अँटिबायोटिक मिळेनासे होतील या भीतीने घरी केलेलं सिल्व्हर पीत बसले. कॉम्प्युटर चालू राहिले, गृहस्थ निळसर करडे झाले, आणि 2002 साली त्याच रंगात सिनेटच्या निवडणुकीला उभे राहिले. तिथलेच दुसरे गृहस्थ, पॉल कॅरासन, तर चांदी घेऊन इतके निळे झाले होते की टीव्हीवर त्यांना बघायला लोक थांबायचे.

तुमच्या चमच्याचा हिशेब प्रामाणिकपणे मांडायला हवा, नाहीतर तुम्ही म्हणाल हा माणूस घाबरवतोय. 10 पीपीएम म्हणजे लिटरमागे 10 मिलिग्रॅम. पाच मिलिलिटरच्या चमच्यात 50 मायक्रोग्रॅम. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, आयुष्यभर रोज पोटात गेली तरी चालेल अशी मर्यादा धरली आहे ती किलोमागे 5 मायक्रोग्रॅम. साठ किलोच्या माणसाला 300. म्हणजे बाटलीवरचा आकडा खरा असेल आणि तुम्ही चमच्यावरच थांबलात तर त्या रेषेच्या आत आहात. हे मला कबूल आहे. फक्त ती रेषा कातडीचा रंग बदलू नये म्हणून आखलेली आहे, त्या रेषेआत काही गुण येतो असं त्यात कुठेच म्हटलेलं नाही. आणि चमच्यावर थांबतो कोण? सर्दी झाली की दोन चमचे, गेली नाही की अर्धा कप. दादाच्या तारांची पहिली जोडी दाभणाएवढी जाड होती, ती सुईएवढी झाली तेव्हा त्याने दुसरी आणली. झिजलेली चांदी कुठे गेली हे त्याला त्या तारांकडे बघूनही सुचलं नाही. (मलाही नाही, हे वहिनी वाचत असेल तर मान्य.)

प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत चांदी जंतू मारते हे खरं. भाजलेल्या जखमेवर सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम लावतात तेही खरं, पण ते वरून लावायचं. पिण्याबद्दल अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, 1999 सालीच सांगून टाकलं की कोलॉइडल सिल्व्हर घातलेली विनाचिठ्ठी औषधं सुरक्षित आणि गुणकारी मानता येत नाहीत. तरी बाटल्या विकल्या जातात, कारण त्यावर औषध न लिहिता पूरक आहार लिहितात. पूरक कशाला? शरीराला चांदी लागतच नाही, तिची कमतरता कुणाला होत नाही. उलट तुम्ही थायरॉइडची गोळी किंवा काही ठरावीक अँटिबायोटिक घेत असाल तर चांदीमुळे ती नीट शोषली जात नाहीत. हे दादाला कुणी सांगितलं नव्हतं.

त्याचा सायनस? आहे तसाच आहे.

वहिनी मध्यंतरी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हाला तेव्हाच दिसलं होतं ना?" मी म्हणालो, हो. दादा लगेच मध्ये पडला, "त्याने रंग चढवला नसता तरी मी कुणाचं ऐकणार होतो का?" तो मला वाचवत होता की टोमणा मारत होता, अजून ठरवता आलेलं नाही. मूळ फोटो मी पुसलेले नाहीत. अल्बममधले बदलून द्यावेत असं मला वाटतं, पुतणी नको म्हणते.

मी डॉक्टर नाही, तुम्ही आधीपासून घेत असाल तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि किती दिवस घेतलं ते खरं सांगा. नखांच्या मुळाशी जे पांढरे चंद्र असतात, ते बऱ्याचदा आधी निळसर होतात. खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात बघा. फोटो काढून बघू नका. मुलाला अजिबात देऊ नका.